ओळख सांगणे आणि ओळख पटवणे

कळंबा म्हटले की कोल्हापूरकराला तलावाइतकाच तुरुंगही आठवतो. तुरुंगातल्या छायाचित्रात कैद्याला स्वतःचा आविर्भाव निवडता येत नाही. कैद्यांची मापे आणि छायाचित्रे घेण्याचा अधिकार सरकारला १९२० च्या कायद्याने मिळाला. २०२२ च्या नव्या कायद्याने तो अधिक विस्तारला. आपण आपली ओळख सांगतो आणि दुसरा आपली ओळख पटवतो, या दोन क्रियांमधले अंतर पुष्पमाला एन. यांच्या स्वचित्रांत फार बोलके झाले आहे.

पुष्पमाला मूळच्या बेंगळुरूच्या, जन्म १९५६ चा, शिक्षण बडोद्यात शिल्पकलेचे. १९९६ ते १९९८ या काळात त्यांनी मुंबईत ‘फँटम लेडी’ ही छायाचित्रमालिका केली. तिची बुरखेधारी नायिका ‘हंटरवाली’तल्या (१९३५) नादियाची आठवण करून देते. इथे वेषांतर हा निखळ खेळ आहे.

क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ मध्ये केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’मध्ये मात्र खेळ गंभीर होतो. पुष्पमाला रविवर्म्याची लक्ष्मी होतात. आपल्या आजीच्या देवघरात तसबिरीत असे, तीच ही लक्ष्मी. विजापूरच्या जुन्या चित्रातली योगिनीही होतात. मागचा पडदा रंगवलेला आहे हे त्या लपवत नाहीत. संगणक नेमके हेच सांधे बुजवू शकतो. विवान सुंदरम् यांनी ‘री-टेक ऑफ अमृता’मध्ये (२००१-०२) आजोबा उमरावसिंग शेरगिल यांची जुनी छायाचित्रे संगणकावर एकमेकांत मिसळली. काळाने दुरावलेली घरची माणसे तिथे एकाच खोलीत भेटतात आणि त्या भेटीवर क्षणभर आपला विश्वासही बसतो. पुष्पमाला तो बसू देत नाहीत.

पण याच मालिकेत त्या एकोणिसाव्या शतकातील मानवमितीच्या छायाचित्रांच्या धर्तीवर, चौकटींच्या पडद्यासमोर, टोडा स्त्री म्हणून उभ्या राहतात. वृत्तपत्रात छापून आलेल्या आरोपी स्त्रियांचीही जागा घेतात. लक्ष्मीचे सोंग पाहून हसू येते, इथे ते ओठावरच थांबते. सोंग संपल्यावर चित्रकर्ती घरी जाऊ शकते. त्या मूळ स्त्रियांना ही मुभा नव्हती. मला ही मालिकेची उणीव वाटत नाही, मर्यादा जरूर वाटते. पाहणाऱ्याची नजर ती उघडी पाडते, पाहिल्या गेलेल्या बाईचा आवाज मात्र तिला देता येत नाही.

तो आवाज मराठीत आधीच उमटला होता. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तो कायदा गेला १९५२ मध्ये, पण पोलिसांच्या नजरेतून ती नोंद गेली नाही, हे लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. तिथे ‘मी’ म्हणणारा माणूस कोणाचा वेष घेत नाही. इतरांनी आपल्यावर चढवलेला वेष तो उतरवतो आहे. आपण ‘उचल्या’ आत्मकथन म्हणून शिकवतो. पुष्पमालांच्या त्या चौकटींच्या पडद्याशेजारी ठेवले, तर ते पोलीस दप्तरातल्या छायाचित्राला दिलेले उत्तर म्हणूनही वाचता येईल.