अमेरिकेतील गुलामगिरीच्या इतिहासाची साधने : ग्रंथालयीन शोधाचा भाषिक विचार

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ‘साधन’ हा शब्द नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, ही भूमिका तेव्हापासून आपल्याकडे दृढ होत गेली. कागद अस्सल आहे की बनावट, याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु तो कागद अभ्यासकाच्या हाती कोणत्या शब्दाच्या वाटेने येतो, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे. ग्रंथालयातील प्रत्येक ग्रंथ आणि दप्तरखान्यातील प्रत्येक रुमाल कोणीतरी, केव्हातरी, कोणत्यातरी नावाखाली ठेवलेला असतो. ते नाव ठेवणाऱ्याचे असते. ज्याच्याविषयी तो कागद आहे त्याचे असतेच असे नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील गुलामगिरीच्या इतिहासाची साधने हे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेच्या इतिहासावर प्रबंध लिहू इच्छिणारा आपल्याकडील विद्यार्थी अडतो तो पुष्कळदा साधनांच्या अभावामुळे नव्हे, तर साधनांच्या नावांमुळे. आज तेथील ग्रंथालयांनी आपले अमूल्य संग्रह संगणकाद्वारे सर्वांना खुले केल्यामुळे तर ही गोष्ट अधिकच खरी ठरली आहे. दार उघडे आहे; पण कोणत्या शब्दाने हाक मारावी हे ठाऊक असल्याखेरीज आतून उत्तर येत नाही.

१. वर्गीकरण आणि विषयशीर्षके

काँग्रेस ग्रंथालयाच्या वर्गीकरणात अमेरिकेच्या इतिहासाला ‘ई’ आणि ‘एफ’ हे दोन वर्ग दिलेले आहेत. पहिल्यात राष्ट्राचा सर्वसाधारण इतिहास येतो, तर दुसऱ्यात मुख्यतः स्थानिक इतिहास. ‘ई’ वर्गात ४४१ ते ४५३ हे क्रमांक गुलामगिरीचे आहेत आणि ४५६ पासून ६५५ पर्यंतचे यादवी युद्धाच्या काळाचे. मेलव्हिल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात अमेरिकेचा इतिहास ९७३ या क्रमांकाखाली येतो, पण गुलामगिरी मात्र समाजशास्त्रांच्या विभागात, ३२६ या क्रमांकाखाली. म्हणजे दशांश पद्धतीने मांडलेल्या ग्रंथालयात जो विद्यार्थी केवळ ९७३ च्या कपाटापाशी उभा राहील, त्याच्या दृष्टीस गुलामगिरीवरील ग्रंथांचा एक मोठा भाग पडणारच नाही.

या क्रमांकांमागे समाजाची एक दृष्टी असते. ती पहिल्यांदा ज्यांना स्पष्ट दिसली त्यांत डोरोथी पोर्टर या ग्रंथपाल विदुषीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात १९३० साली त्यांनी कृष्णवर्णीयांविषयीच्या संग्रहाचे काम हाती घेतले. त्या वेळी प्रचलित पद्धतीत कृष्णवर्णीयांशी संबंधित ग्रंथांसाठी व्यवहारतः दोनच जागा वापरल्या जात : ३२६, म्हणजे गुलामगिरी, आणि ३२५, म्हणजे वसाहत व स्थलांतर. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्यासारख्या कवीचा काव्यसंग्रहही काही ग्रंथपाल ३२५ मध्ये घालीत, असे पोर्टरबाईंनी पुढे सांगितले आहे. त्यांनी ही प्रथा नाकारली आणि काव्य काव्यात, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, अशी आपल्या संग्रहाची मांडणी केली. वरकरणी ही कपाटे लावण्याची बाब दिसते. वस्तुतः एका समाजाला साहित्य, कला व विचार असतात की तो केवळ एक ‘प्रश्न’ असतो, याचा तो निर्णय होता.

विषयशीर्षकांची गोष्टही अशीच आहे. काँग्रेस ग्रंथालयाच्या सूचीत दीर्घकाळ ‘निग्रोज’ हे शीर्षक होते. १९७० च्या दशकात त्याच्या जागी ‘आफ्रो-अमेरिकन्स’ आले आणि २००० च्या सुमारास ‘आफ्रिकन अमेरिकन्स’. शीर्षक बदलले म्हणजे सगळीकडील जुनी सूचीपत्रे बदलतात असे नाही. जुन्या छापील ग्रंथसूची, नियतकालिकांच्या अनुक्रमणिका आणि सूक्ष्मपटांच्या याद्या जुन्याच शब्दात राहतात. आजच्या आदरयुक्त शब्दाने शोध घेणाऱ्यास १९४० साली तयार झालेली यादी बहुधा मुकी राहील. जुना शब्द आपल्या लेखनात वापरू नये, हे योग्यच. पण तो ठाऊक असला पाहिजे.

खुद्द युद्धाच्या नावाविषयीही एकमत नव्हते. उत्तरेकडील सैन्याचे व दक्षिणेकडील सैन्याचे अधिकृत कागद १८८० ते १९०१ या काळात सरकारने १२८ ग्रंथांत छापले. त्या मालेच्या शीर्षकात युद्धाला ‘बंड’ म्हटले आहे. दक्षिणेच्या संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मात्र आपल्या ग्रंथाच्या नावातच त्याला ‘राज्याराज्यांमधील युद्ध’ म्हटले. १८५७ च्या घटनांना बंड म्हणावे की स्वातंत्र्यसमर, या वादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास याचे मर्म वेगळे सांगावयास नको. नाव निवडणे म्हणजे बाजू निवडणे असते, आणि सूचीकारालाही ते चुकत नाही.

आपल्याकडील आणखी एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. पेशवेकालीन दप्तरात ‘गुलामगिरी’ या शब्दाचा शोध घेणाऱ्याला फारसे काही सापडणार नाही. तेथे ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द पाहावे लागतात. शब्द न सापडणे आणि वस्तू नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२. मालकाच्या नावाखालील माणसे

सूचीचा शब्द चुकला तर ग्रंथ सापडत नाही. परंतु गुलामगिरीच्या इतिहासात याहून गंभीर अडचण आहे : येथे ज्याचा शोध घ्यावयाचा, त्या माणसाचे नावच पुष्कळदा कागदावर नसते. १८६० च्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेत ३९,५३,७६० माणसे गुलामगिरीत होती. १८५० आणि १८६० या दोन्ही शिरगणत्यांत त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ते होते. त्या तक्त्यांत मालकाचे नाव लिहिलेले असे. त्याखाली गुलामांची वये, स्त्री की पुरुष, आणि वर्ण एवढाच तपशील असे; थोडे अपवाद वगळता नाव नसे. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावे शिरगणतीत प्रथम नोंदली गेली ती १८७० साली. त्यापूर्वीच्या काळातील एखाद्या स्त्रीचा माग काढावयाचा असेल, तर अभ्यासकाला तिच्या मालकाच्या नावाने शोध घ्यावा लागतो. त्याची मृत्युपत्रे, त्याच्या मालमत्तेच्या याद्या आणि त्याचे हिशेब पाहावे लागतात. ज्या व्यवस्थेचा निषेध करावयाचा, तिच्याच अनुक्रमणिकेतून वाट काढावी लागते.

१८६५ नंतरच्या कागदांसाठी दुसरे एक तत्त्व समजून घेणे अवश्य आहे. ग्रंथालय विषयानुसार मांडते. अभिलेखागार मात्र ज्या कचेरीत कागद निर्माण झाला तिच्यानुसार मांडते. मुक्त झालेल्या गुलामांच्या साहाय्यासाठी मार्च १८६५ मध्ये एक सरकारी खाते स्थापन झाले आणि १८७२ मध्ये ते बंद झाले. त्याच्या दप्तरात मजुरीचे करारनामे, विवाहांच्या नोंदी, शाळांचे अहवाल, शिधावाटपाच्या याद्या, मारहाणीच्या तक्रारी असे अमोल साहित्य आहे. हे खाते युद्धमंत्रालयाच्या अधीन होते आणि त्याच्या अधिकृत नावात निर्वासित, मुक्त गुलाम आणि ‘सोडून दिलेल्या जमिनी’ या तिन्हींचा उल्लेख होता. राष्ट्रीय अभिलेखागारात हे दप्तर अभिलेखगट १०५ म्हणून ओळखले जाते. शिक्षणाच्या इतिहासाचा अभ्यासक शिक्षणखात्याचे कागद धुंडाळीत राहिला, तर हे शाळांचे अहवाल त्याला कसे सापडावेत? म्हणून अभिलेखागारात ‘हा विषय कोठे आहे’ असा प्रश्न न विचारता ‘या विषयाशी त्या काळी कोणत्या कचेरीचा संबंध आला असता’ असा विचारावा.

मराठी अभ्यासकाला जवळचे असे एक उदाहरण याच तत्त्वाचे आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना एक पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे करण्यात आलेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्यात मागितली होती. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट येथील ग्रंथालयात, डू बॉइस यांच्या कागदपत्रांत आहे. पत्र ज्याला आले त्याच्या संग्रहात ते राहते. अस्पृश्यतेच्या प्रश्नाचे साधन म्हणून त्याला तेथे वेगळे कपाट मिळत नाही.

३. लेखिकेचे नाव

१८६१ साली बोस्टन येथे एका दासीचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘तिने स्वतः लिहिलेले’ एवढाच निर्देश होता. संपादिका म्हणून मात्र लिडिया मारिया चाइल्ड या प्रसिद्ध श्वेतवर्णीय लेखिकेचे नाव छापले होते. कथनातील नायिकेचे नाव लिंडा ब्रेंट असे कल्पित ठेवलेले होते. मालकाच्या जाचातून सुटण्यासाठी ती छपराखालच्या अरुंद जागेत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली, असा त्यात वृत्तान्त आहे. पुढे अनेकांनी हा ग्रंथ चाइल्डबाईंनीच रचलेली कादंबरी मानली. गुलामांच्या जीवनाचे थोर अभ्यासक जॉन ब्लासिंगेम यांनीही १९७० च्या दशकात त्याला विश्वसनीय साधनांत स्थान दिले नाही.

हा निर्णय बदलला तो शैलीविषयीच्या तर्कवितर्कांनी नव्हे, तर पत्रांनी. हॅरिएट जेकब्स या स्त्रीने आपल्या मैत्रिणीस, एमी पोस्ट हिला, लिहिलेली पत्रे रॉचेस्टर विद्यापीठातील पोस्ट कुटुंबाच्या कागदांत होती. जीन फेगन येलिन यांनी ती आणि इतर कागद तपासून १९८१ साली लेख लिहिला आणि १९८७ साली ग्रंथाची संशोधित आवृत्ती काढली. जेकब्स हीच लेखिका असल्याचे त्यांनी सिद्ध केले. हे पत्रव्यवहाराचे रुमाल गुलामगिरीचे साधन म्हणून नव्हे, तर उत्तरेतील एका सुधारक कुटुंबाचे कागद म्हणून जतन झाले होते. ज्या स्त्रीला आयुष्याची सात वर्षे लपून राहावे लागले, तिचे कर्तृत्वही शतकाहून अधिक काळ दुसरीच्या नावाआड राहिले. साक्षीदार नव्हती असे नाही; तिला तिच्या नावाने कोणी विचारले नव्हते.

४. बोलीचे लेखन

१९३६ ते १९३८ या काळात सरकारच्या लेखकयोजनेखाली पूर्वी गुलाम असलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या. अशी २३०० हून अधिक कथने काँग्रेस ग्रंथालयात आहेत. जॉर्ज रॉविक यांनी १९७२ पासून ती ग्रंथमालारूपाने प्रसिद्ध केल्यावर त्यांचा व्यापक उपयोग होऊ लागला, आणि आता ती संगणकावरही वाचावयास मिळतात.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या कथनांत दोन प्रश्न आहेत. पहिला लेखनाचा. मुलाखत घेणाऱ्यांनी बोली आपापल्या कानाप्रमाणे लिहिली. ‘मालक’ या अर्थाचा एकच शब्द ‘मास्टर’, ‘मार्स्टर’, ‘मार्स’, ‘मॅसा’ अशा अनेक रूपांत आढळतो. संगणकाला प्रमाणरूप दिले तर तो प्रमाणरूपच शोधून आणील. या योजनेतील कवी-संपादक स्टर्लिंग ब्राऊन यांनी १९३७ साली सूचना दिल्या होत्या की, उच्चाराच्या विचित्र लेखनापेक्षा वाक्प्रयोगाच्या सत्यतेकडे अधिक लक्ष द्यावे. विकृत वर्णलेखनाने बोलणारा हास्यास्पद ठरतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून या कथनांतील भाषा ही बोलणाऱ्याची किती आणि लिहिणाऱ्याची किती, हे प्रत्येक ठिकाणी तपासले पाहिजे.

दुसरा प्रश्न श्रोत्याचा. चार्ल्सटन येथील एका वृद्धेची मुलाखत दोघांनी स्वतंत्रपणे घेतली. एका कथनात तिचे नाव हॅम्लिन असे आहे, तर दुसऱ्यात हॅमिल्टन. जेसी बटलर या श्वेतवर्णीय बाईंना तिने मालकाच्या दयाळूपणाचे वर्णन सांगितले. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय गृहस्थांना फटक्यांचे आणि ताटातुटीचे. डेव्हिडसन व लायटल यांनी १९८२ च्या आपल्या पद्धतिशास्त्रावरील ग्रंथात या दोन मुलाखतींची तुलना करून दाखविली आहे. यावरून सर्वच कथने त्याज्य ठरतात असे नाही. मंदीचा काळ, वार्धक्य, निवृत्तिवेतनाची आशा, आणि समोर बसलेली श्वेतवर्णीय व्यक्ती यांचा बोलण्यावर परिणाम होणारच. कोणी विचारले हे कळल्यावाचून काय सांगितले हे कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

५. काही सूचना

वरील विवेचनावरून विद्यार्थ्याने पुढील शिस्त पाळावी असे सुचवावेसे वाटते. प्रथम, शोधास आरंभ करण्यापूर्वी आपल्या विषयाचा एक छोटा शब्दकोश तयार करावा. त्यात त्या काळचे शब्द, मधल्या काळातील सूचीकारांचे शब्द आणि आजचे शब्द असे तीन रकाने असावेत. दुसरे, एक चांगला ग्रंथ सापडला की त्याच्या सूचीनोंदीतील विषयशीर्षके टिपून घ्यावीत. त्याच शीर्षकांच्या आधारे पुढचे ग्रंथ सापडतात. तिसरे, अठराव्या शतकातील वृत्तपत्रे संगणकावर शोधताना त्या काळचा लांब ‘एस’ यंत्र पुष्कळदा ‘एफ’ असा वाचते, हे विसरू नये. चौथे, प्रत्येक कागदाच्या टिपणात तो कोणत्या संग्रहात, कोणाच्या नावाखाली आणि कोणत्या क्रमांकाने सापडला हे अवश्य लिहावे. ही केवळ संदर्भ देण्याची रीत नव्हे. कागद तेथे का होता, हा इतिहासाचाच एक भाग आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी दासमुक्तीसाठी केलेल्या कार्याबद्दल, अर्पण केला. सातासमुद्रांपलीकडील त्या इतिहासाशी आपला संबंध असा जुना आहे. फुले यांनी अर्पणपत्रिकेत गौरव केला तो मुक्ती देणाऱ्यांचा. मुक्त झालेल्यांनी स्वतः काय म्हटले, ते वाचण्याची सोय आज आपल्याला उपलब्ध आहे. ती माणसे सूचीत पुष्कळदा दुसऱ्याच्या नावाखाली, दुसऱ्याच्या शब्दात बसलेली आहेत. त्यांना त्यांच्या नावाने शोधून काढणे, आणि ते साधत नसेल तेथे नाव का उरले नाही हे प्रामाणिकपणे नोंदविणे, हे या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य होय.