नळदुर्ग पाहिला, विहीर राहिली

स्मरणिकेसाठी ‘त्या सायकल सहलीवर लिही’ असा निरोप आला, आणि पाठोपाठ इतिहासाच्या सरांचाही फोन आला. सरांनी बजावलं, ‘नुसत्या गमतीजमती लिहू नकोस. थोडा इतिहासही येऊ दे.’ चाळीस वर्षांनंतरही सरांनी सांगितलं की वही काढावीशी वाटते. म्हणून हा लेख थोडा सहलीचा आहे आणि थोडा इतिहासाचा. आम्ही पाच जण गेलो होतो. पाचही जण या अंकात कुठे ना कुठे आहेत, तेव्हा नावं घेत नाही. तुम्ही ओळखालच.

साल 1983, आमचं दहावीचं वर्ष. तारीख पक्की सांगता येते, कारण तो शनिवार होता, गणपतीचे दिवस होते आणि तारीख होती 17 सप्टेंबर. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायचं, रात्री नळदुर्गला मुक्काम करायचा आणि रविवारी अंधार पडायच्या आत वळसंगला परतायचं असा बेत. नळदुर्गच का, तर सर वर्गात म्हणाले होते की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात पाण्याच्या दोन धारा पडतात, एकीला नर म्हणतात आणि दुसरीला मादी. वर्गात खसखस पिकली. सर रागावले नाहीत. ‘हसा, पण एकदा जाऊन बघा,’ एवढंच म्हणाले. आम्ही ते शब्दशः घेतलं.

सायकली मात्र दोनच. एक माझ्या वडिलांची, काळी, जड, मधल्या दांडीची. दुसरी आमच्यातल्या दुकानदाराच्या मुलाची, नवी, हँडलला रंगीत झिरमिळ्या लावलेली. बाकी तीन भाड्याच्या. भाडं तासावर असायचं, पण दोन दिवसांचं म्हटल्यावर दुकानवाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकाचं मनगटी घड्याळ ठेवून घेतलं. वर पंप, पान्हा आणि सोल्यूशनची ट्यूब दिली. ‘पंक्चर काढता येतं का?’ असं त्याने विचारलं. पाचही जण ‘हो’ म्हणालो. येत होतं एकालाच, आणि तो कोण हे पुढे येईलच.

घरच्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. काही पालक हा अंक वाचणार आहेत. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदे आणि दोन गूळपोळ्या होत्या. कडक भाकरीला सहलीच्या शिदोरीत तोड नाही. ती विटत नाही आणि तिला कशाची घाई नसते.

वळसंगहून अक्कलकोट, आणि अक्कलकोटहून चपळगाव-हन्नूरच्या बाजूने नळदुर्ग, असा आमचा रस्ता. सगळं मिळून 55 किलोमीटरच्या आसपास. अक्कलकोटपर्यंत गाणी म्हणत गेलो. तिथे मांडवांमधले कर्णे जोरात चालू होते. स्वामी समर्थांच्या मठापाशी हात जोडले आणि चहा घेतला. एका म्हाताऱ्याने ‘एल्लिगे होंटीरी?’ म्हणून विचारलं. नळदुर्ग म्हटल्यावर तो कानडीत जे काही बोलला, त्याचं भाषांतर आमच्यातल्या कानडी बोलणाऱ्याने करून दिलं नाही.

आता सरांचा इतिहास. ज्या रस्त्याने आम्ही कुठेही न थांबता निघालो होतो, त्यावर 1948 पूर्वी तीन राज्यं लागायची. वळसंग सोलापूर तालुक्यातलं, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान. त्याच्या पलीकडे, नळदुर्गच्या बाजूला, निजामाचं हैदराबाद. तिथे नाणं वेगळं, हाली सिक्क्याचं, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकात. सायकलवरच्या पोराची पिशवीसुद्धा उघडून बघितली असती. आमच्या पिशवीत चटणीच निघाली असती म्हणा. हा सगळा सरहद्दीचा मामला आमच्या जन्माच्या वीस वर्षं आधीपर्यंत खराखुरा होता. पण शेतातली तूर आणि सूर्यफूल दोन्हीकडे सारखंच होतं आणि काळ्या रानातला चिखल दोन्ही राज्यांत तितकाच चिकट. रस्त्यावरून बाजूला उतरलो की मडगार्डमध्ये माती भरायची आणि चाक जाम व्हायचं.

चपळगावच्या अलीकडे पाणी संपलं. रस्त्यापासून थोडी आत एक वस्ती दिसली. आम्ही चौघं गेलो. पाचवा म्हणाला, ‘तुम्ही व्हा पुढं. माझी चेन उतरलीय, बसवतो.’ त्याने सायकल उलटी करून ठेवली होती आणि पायडल फिरवत बसला होता. वस्तीवरच्या मावशींनी घागरीतलं गार पाणी दिलं. आम्ही कुठले, कुणाची पोरं, आडनावं काय, सगळं विचारलं. मी दोन तांबे प्यायलो. परत आलो तेव्हा त्याची सायकल सरळ उभी होती. ‘तू नाही प्यायचास?’ असं विचारल्यावर ‘तहान नाही’ म्हणाला. पुढे एका ओढ्यावर त्याने ओंजळीने भरपूर पाणी प्यायलेलं मी पाहिलं. तहान नसलेला माणूस एवढं पाणी कसं पितो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात होतं ते नर आणि मादी.

दोनदा पंक्चर झालं. दोन्ही वेळा त्यानेच काढलं.

नळदुर्गला दिवेलागणीला पोचलो. एसटी स्टँडच्या ओट्यावर पथारी टाकली. शेजारच्या चहावाल्या काकांना आमचं कौतुक वाटलं असावं, कारण दुसऱ्या कपाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. बोलता बोलता म्हणाले, ‘आज सतरा तारीख. माहितीय का काय झालं होतं?’ आम्हाला माहीत नव्हतं. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती दिली, म्हणजे त्या रात्री बरोबर 35 वर्षं झाली होती. काकांनी सांगितलं ते त्याच्या चार दिवस आधीचं. 13 सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली. पहिली लढाई झाली ती इथेच. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या सैन्याने उडवण्याआधी ताब्यात घेणं फार महत्त्वाचं होतं. तो पूल शाबूत हाती आला आणि नळदुर्ग पडलं. काका तेव्हा आमच्याच वयाचे. आईने त्यांना तुरीच्या रानात लपवून ठेवलं होतं. ‘रणगाडा बघायचा राहून गेला,’ हीच त्यांची खंत.

रविवारी सकाळी किल्ल्यात शिरलो. नळदुर्गचं वर्णन करायला लागलो तर हा लेख संपणार नाही. बोरी नदीने जवळजवळ सगळीकडून वेढलेला काळ्या पाषाणाचा डोंगर, त्यावर शंभराहून जास्त बुरूज आणि सगळ्यांत उंच उपली बुरूज. त्याच्या अरुंद पायऱ्या चढून वर गेलं की तोफा. इंग्रजांनी 1853 ते 1860 एवढा काळ हा मुलूख निजामाकडून घेतला होता. तेव्हा इथे अधिकारी म्हणून आलेला मेडोज टेलर या जागेच्या प्रेमात पडला होता. ठगांवर कादंबरी लिहिली तोच हा टेलर. हे सगळं मी पुढे वाचलं. त्या दिवशी आम्ही बुरुजांवर वेळ न घालवता थेट पाण्याच्या आवाजाच्या दिशेने पळालो.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, नदीवर हा बंधारा बांधला आणि बंधाऱ्याच्या पोटातच महाल केला. तोच पाणीमहाल. भिंतीतल्या पायऱ्या उतरून आत गेलो. डोक्यावर पाण्याचा लोट, समोर खिडकीबाहेर पाण्याचा पडदा, आणि आत मात्र आपण कोरडे. बोललेलं ऐकू येत नव्हतं. भिंतीला हात लावला तर ती थरथरल्यासारखी वाटायची. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे कसं सुचलं असेल, असं मी बाहेर आल्यावर तीनतीनदा म्हणालो. ‘सर म्हणाले ते खरं. एवढा पाण्याचा इतिहास आपल्या भागात आहे, आणि आपल्याला पत्ता नाही!’

तेव्हा तो पंक्चरवाला मित्र म्हणाला, ‘आपल्या गावातबी हाय की पाण्याचा इतिहास. कधी आलास का बे बघाया?’

त्याने ते भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. मग कठड्यावर बसून त्याने आजीकडून ऐकलेलं सांगितलं. गावातल्या विहिरींवर त्यांच्या लोकांना पाणी भरू देत नसत, म्हणून वस्तीने स्वतःची विहीर खणली. त्याच्या आजीने डोक्यावरून माती वाहिली. पाणी लागलं, पण पहिलं पाणी बाबासाहेबांच्या हातून निघेल तेव्हाच प्यायचं असं वस्तीने ठरवलं. आणि 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि त्या विहिरीचं पाणी प्यायले.

ते वर्ष मी नंतर पडताळून बघितलं, तेव्हा त्याचं वजन कळलं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं. पण त्या तळ्याचा खटला दहा वर्षं चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला तो 17 मार्च 1937 ला. म्हणजे सार्वजनिक तळ्यावरचा हक्क कोर्टात ठरत होता त्याच वर्षी आपल्या गावातली माणसं कोर्टाची वाट न बघता आपल्या हातांनी खणलेल्या विहिरीपाशी उभी होती. हा सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासातला मोठा दिवस आहे. तो आपल्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर घडला, आणि मी 55 किलोमीटर पायडल मारून आदिलशहाचं कौतुक करत उभा होतो.

त्या वेळी आम्ही चौघं काहीच बोललो नाही. एक जण ‘हां, ऐकलंय,’ असं पुटपुटला. मग कुणीतरी भाकरी काढली आणि आम्ही पाचही जणांनी ती खाल्ली. भाकरी वाटून खायला आमची कधीच अडचण नव्हती, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

येताना हैदराबाद-सोलापूर रस्त्याने इटकळ, बोरामणी करत आलो. ट्रकवाल्यांनी इतक्या वेळा खाली उतरवलं की रस्त्यापेक्षा साइडपट्टीवरच जास्त चाललो. बोरामणीहून वळसंगकडे वळेपर्यंत काळोख झाला. पाच सायकलींत डायनॅमो एकाच सायकलला, तोही चढावर मिणमिणायचा. गावात शिरलो तेव्हा भाड्याच्या सायकलवाला दुकानाबाहेर कंदील घेऊन उभा होता. त्याला काळजी आमची होती की सायकलींची, हे त्याने शेवटपर्यंत कळू दिलं नाही. घड्याळ परत दिलं, उशिराचे पैसे तेवढे लावले.

मित्राची वस्तीकडची वाट आली. तो म्हणाला, ‘येतोस का विहिरीवर? पाणी पिऊन जा.’ मी म्हणालो, ‘आज उशीर झालाय रे. उद्या येतो.’

हा उद्या 2002 साली उजाडला. मध्ये 19 वर्षं गेली. नोकरीत पुण्याला होतो, गावी येणं-जाणं होतं, त्याची भेटही व्हायची. विहिरीवर जायला कुणी अडवलं नव्हतं. शेवटी तोच मला घेऊन गेला. गावातली माणसं तिथे दिवे लावतात हे मी ऐकून होतो, पण आम्ही गेलो ती साधी दुपार होती आणि विहिरीवर आम्ही दोघंच. वाकून बघितलं. पाणी खाली होतं आणि त्यात आमची दोन डोकी दिसत होती, दोघांचेही केस विरळ झालेले. त्याने पोहरा सोडला, पाणी काढलं, मला दिलं. मी प्यायलो. बोलायला काही सुचेना म्हणून मी सहलीचा विषय काढला. म्हटलं, ‘चपळगावच्या अलीकडे तुझी चेन उतरली होती, आठवतं?’

तो हसला. म्हणाला, ‘चेन कुठली उतरली होती? त्या मावशीनं आडनाव विचारलं असतं.’

सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे इतिहास लिहिला आहे. पुढच्या वर्गांना सहलीला नळदुर्गला जरूर न्यावं, पावसाळ्यातच न्यावं, आणि निघताना आधी विहिरीवर थांबावं.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण पुन्हा निघणार आहोत. सकाळी 6 वाजता, विहिरीपासून. नळदुर्गपर्यंत पोचू याची खात्री नाही, अक्कलकोटपर्यंत नक्की. गियरच्या सायकली चालतील, भाड्याच्याही चालतील. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मोटारसायकलवरून मागोमाग यावं. पंक्चर काढायला तोच आहे, फक्त या वेळी सायकल उलटी करून बसला तर मी आधी त्याची चेन तपासणार आहे.