वृंदावन : एका रोपाचे आसन

घरात रोप ठेवायचे तर ते कशावर ठेवावे, हा प्रश्न आज बाजारातल्या लोखंडी आणि लाकडी स्टँडांमुळे नवा वाटतो. मराठी घराने त्याचे उत्तर फार पूर्वीच दिले होते. जालना जिल्ह्यातल्या वाटूरपासून थेट गोव्यापर्यंत, अंगणात वा चौकात उभे असलेले तुळशीवृंदावन हे ते उत्तर. देवघराच्या इतिहासात त्याची नोंद होते. पण वस्तू म्हणून, रोपाचे आसन म्हणून, त्याचा विचार क्वचितच होतो.

वृंदावनाची घडण आधी पाहू. चौकोनी चौथरा, त्यावर निमुळती बैठक, वर मातीसाठी खोलगट जागा आणि पुढच्या अंगाला पणतीसाठी कोनाडा. ह्यातला प्रत्येक भाग कामाचा आहे. उंचीमुळे शेळ्या-कोंबड्यांपासून रोप वाचते, उभ्या माणसाचा हात मातीपर्यंत सहज पोहोचतो. भोवती मोकळी जागा ठेवावी लागते ती प्रदक्षिणेसाठी. पण तिच्यामुळेच रोपाला चहूबाजूंनी ऊन आणि वारा मिळतो. मराठवाड्याची काळी माती पाणी धरून ठेवते. तुळशीच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून उंचावरची, निचरा होणारी जागा तिला मानवते. धर्म आणि बागकाम ह्यांची सीमारेषा येथे आखता येत नाही.

ह्या शब्दाच्या पोटात मात्र एक दुखरी गोष्ट आहे. पद्मपुराणातील कथेत जालंधराची पतिव्रता पत्नी वृंदा विष्णूकडून फसवली जाते आणि अग्निप्रवेश करते. तुळशीचा उगम ह्या कथेशी जोडला जातो. मराठीत सती गेलेल्या स्त्रीच्या स्मारकालाही वृंदावनच म्हणतात. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊर येथे वारले, तेव्हा रमाबाई सती गेल्या; तेथे नदीकाठी त्यांचे वृंदावन आहे. रोपाच्या आसनाला आणि जळालेल्या स्त्रीच्या खुणेला भाषेने एकच नाव द्यावे, हा योगायोग मानणे कठीण आहे. दर कार्तिकात जिचे लग्न लावले जाते, तिच्या कथेत फसवणूक आणि चिता आहे, हे मंगलाष्टकांच्या गजरात विसरले जाते.

गोव्यात ह्या वस्तूला राजकीय अर्थ आला. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्ती घरांच्या आवारात तुळस लावण्यास बंदी घातली. आज तेथील अनेक ख्रिस्ती घरांपुढे चौथऱ्यावर क्रूस दिसतो. त्या चौथऱ्याची ठेवण वृंदावनाची आठवण करून देते. वरचे दैवत बदलले, तरी घरापुढच्या त्या जागेचा मान टिकला.

स्त्रियांनी ह्या आसनाशी कसे नाते जोडले, ते पाहण्यासाठी जात्यावरच्या ओव्यांकडे वळावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या; त्यांत तुळशीवरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. पुराणातली वृंदा तेथे सखी, बहीण, लेक होऊन येते. सासुरवाशिणीला दारात उभे राहून मनातले बोलण्याची हक्काची जागा वृंदावनाने दिली. पुरुषांच्या ग्रंथांनी जिला पातिव्रत्याचा आदर्श केले, तिला बायकांनी ऐकून घेणारी केले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

आता अंगण गेले, गॅलरी आली. सिमेंटचे वा चिनीमातीचे हातभर उंचीचे वृंदावन दुकानातून घरी येते. ते निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: बुडाला पाणी जाण्यास भोक आहे ना, आणि ते ठेवायच्या जागी रोज चार-पाच तास ऊन येते ना. शोभेसाठी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेली तुळस फार दिवस तग धरत नाही. तशी उन्हातली तुळसही दोन-तीन वर्षांत जून होते, आणि मंजिरीतून पडलेल्या बियांची नवी रोपे तिची जागा घेतात. आसन तेच राहते, त्यावरचे रोप बदलत जाते. त्या आसनाच्या नावात कोणाची चिता आहे आणि त्याच्यापुढे कोणाचे बोलणे चालत आले, हे दोन्ही ठाऊक असले की रोज घातल्या जाणाऱ्या तांब्याभर पाण्याला निराळे वजन येते.