दुर्मीळ पक्षी दिसला म्हणजे नेमकं काय दिसलं? सीमाभागातले पाहुणे, त्यांची ओळख आणि नोंद

बेळगाव : नवरात्र आलं, भात निसवलं, की आमच्या व्हॉट्सॲपवर पक्ष्यांचे फोटो यायला सुरुवात होते. कुणी राकसकोपच्या काठावरून पाठवतं, कुणी चंदगडच्या सड्यावरून, कुणी गोव्यातल्या खाजनातून. खाली मजकूर ठरलेला : 'दुर्मीळ पक्षी आढळला, बातमी करा.' त्यातला मोठा वाटा असतो गव्हाणी घुबडाचा. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड बघितलं की लोक दचकतात. पण हे घुबड दुर्मीळ अजिबात नाही. जुन्या वाड्यात, गोदामात, देवळाच्या शिखरात ते पिढ्यान् पिढ्या राहतंय आणि उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलंच करतंय. दोनेक वर्षांपूर्वी आम्हीही 'दुर्मीळ घुबडाला जीवदान' अशी बातमी लावली होती. एका जाणत्या वाचकानं फोन करून चांगलं झाडलं. तेव्हापासून हा शब्द वापरायच्या आधी दोनदा विचार करायची सवय लागली. हा लेख त्याच सवयीतून आलाय.

पहिला प्रश्न असा : दुर्मीळ, पण कुठं? पट्टकादंब हंस घ्या. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. लडाख, तिबेट, मंगोलिया इथं अंडी घालणारा हा पक्षी हिमालय ओलांडून खाली येतो. त्याला लावलेल्या यंत्रानं 7,290 मीटर उंचीची नोंद दिली आहे. गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर तो दर हिवाळ्यात थव्यांनी येतो. दिवसा पाण्यावर विश्रांती, तिन्हीसांजेला शेतात चरायला. या तलावाला 2024 मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. तिथल्या शेतकऱ्याला हा हंस दाखवून 'दुर्मीळ' म्हणालात तर तो हसेल. तोच हंस गोव्यातल्या एखाद्या तळ्यावर उतरला, तर मात्र ती खरोखर लिहून ठेवण्यासारखी गोष्ट. म्हणजे दुर्मीळपणा जागा आणि तारीख या दोन गोष्टींवर ठरतो. आपल्याकडं तर तासाभराच्या गाडीत तीन राज्यं लागतात. त्यामुळं एकच थवा सकाळी एका राज्याच्या यादीत नेहमीचा आणि दुपारी दुसऱ्या राज्याच्या यादीत विरळा ठरू शकतो. (पक्ष्यांना सीमा नसते हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य इथं लिहिणार नाही. यादीला सीमा असते, एवढंच सांगायचंय.)

अमूर ससाणा : दोन दिवसांचा पाहुणा

आपल्या भागात शरदातला खरा मान द्यायचा तर तो अमूर ससाण्याला. आकार कबुतराएवढा, वजन साधारण दीडशे ग्रॅम. नर पाटीसारखा काळसर राखाडी, पाय तांबडे, मांडीजवळ तांबूस रंग. उडताना पंखाखालचा पुढचा भाग पांढराफेक दिसतो, ती त्याची पक्की खूण. मादीच्या पांढुरक्या पोटावर काळे ठिपके आणि आडव्या रेघा असतात.

हा पक्षी पूर्व सायबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो आणि हिवाळा काढायला दक्षिण आफ्रिकेकडं जातो. जाऊन-येऊन वर्षाला सुमारे 22 हजार किलोमीटर. ऑक्टोबरात त्यांचे प्रचंड थवे ईशान्य भारतात थांबतात. नागालँडमधलं दोयांग धरण त्यासाठी जगभर माहीत झालं, पण आधी माहीत झालं ते वाईट कारणानं. 2012 मध्ये तिथं जाळी लावून हे ससाणे पकडले जात असल्याचं उघड झालं. त्या एका हंगामात मारलेल्या पक्ष्यांचा अंदाज लाखाच्या वर होता. पुढच्याच वर्षी पांगती गावच्या लोकांनी शिकार थांबवली. त्याच 2013 सालात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली आणि त्यांना नागा, पांगती, वोखा अशी तिथलीच नावं दिली. ते भारताच्या द्वीपकल्पावरून येऊन अरबी समुद्र ओलांडतात, हे त्यातून नकाशावर दिसलं.

म्हणजे आपल्या डोक्यावरून. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात, हा आपल्याकडचा त्यांचा काळ. घाटमाथा, सडे, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यामागची मोकळी माळरानं इथं ते विजेच्या तारांवर बसलेले किंवा हवेत गोल फिरत किडे पकडताना दिसतात. पुढं समुद्रावर तीन-चार दिवस न उतरता उडायचं असतं. त्या आधीची ही शेवटची न्याहारी. या दिवसांत वारा ईशान्येकडून समुद्राकडं वाहतो. तो पाठीशी घेऊनच ते निघतात. वाटेत खायला काय, यावर एक मनोरंजक तर्क आहे. मालदीवमध्ये राहून अभ्यास करणारे चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं, की पिवळसर रंगाचे भटके चतुर याच दिवसांत याच वाऱ्यावर भारतातून आफ्रिकेकडं समुद्र ओलांडतात. ससाणे चतुर खातात. आता दोघांची वेळ आणि वाट एकच म्हटल्यावर जोडणी करायला फार अक्कल लागत नाही.

हा ससाणा एका जागी दिवस-दोन दिवस थांबतो. रविवारी बघायला जाऊ म्हणणाऱ्याला तार मोकळीच दिसते. म्हणून त्याच्या नोंदी कमी. तो कमी आहे म्हणून नव्हे, आपण त्या दिवशी तिथं नसतो म्हणून.

करकोचा म्हणजे कोणता?

घटप्रभा पक्षी अभयारण्य गोकाक तालुक्यात, धुपदाळच्या बंधाऱ्याभोवती आहे. 1974 मध्ये जाहीर झालेलं आणि सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. त्याची ख्याती दोन पाहुण्यांमुळं : कांड्या करकोचा आणि पांढरा करकोचा. गोंधळ इथंच सुरू होतो, कारण मराठीत आपण लांब पायाच्या कुठल्याही पक्ष्याला करकोचा म्हणतो. कांड्या करकोचा हा क्रौंच कुळातला. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा झुबका. राजस्थानात खिचन गावात त्याला कुरजा म्हणतात आणि धान्य घालतात. पांढरा करकोचा मात्र बलाक कुळातला. त्याची चोच आणि पाय लाल असतात.

आपल्याकडून हमखास होणारी चूक अशी : बारा महिने इथंच असणारा उघड्या चोचीचा करकोचाही पांढरा असतो आणि त्याचेही पंख काळे. लांबून तो पाहिला की 'युरोपचा करकोचा आला' म्हणून फोटो फिरतो. चोच बघा. लाल आणि बंद असेल तर पाहुणा, मळकट आणि मधे फट असेल तर घरचा. बगळा वेगळा काढणं त्याहून सोपं, तो उडताना मान दुमडून घेतो. क्रौंच आणि बलाक दोघंही मान सरळ ताणून उडतात.

तीच गत नीलपंखाची. आपला नीलपंख, म्हणजे चास, कर्नाटकाचा राज्यपक्षी. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात. त्याचा गळा आणि छाती तपकिरी-जांभळट, त्यावर फिक्या रेघा. युरोपीय नीलपंख मध्य आशिया आणि युरोपकडून आफ्रिकेला जाताना सप्टेंबरच्या आसपास कच्छ-सौराष्ट्रातून जातो. एखादा चुकून खाली महाराष्ट्र-गोव्यापर्यंत येतो. त्याचं डोकं, गळा, पोट सगळं फिकट निळं, पाठ तांबूस. पंख उघडल्यावर आपल्या चासाच्या पंखात चमकदार फिक्या निळ्याचा पट्टा दिसतो, युरोपीय पाहुण्याच्या पंखाची उड्डाणपिसं काळपट असतात. आणि अमूर ससाणा म्हणून सर्वात जास्त फोटो येतात ते खरुचीचे. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारा, विटकरी पाठीचा तो पक्षी हिवाळाभर इथंच असतो.

शरदातच का?

उत्तरेत उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं पहिल्यांदा प्रवासाला निघतात ती याच दिवसांत. अनेक जातींत आई-बाप आधी निघून गेलेले असतात. दिशा जन्मजात ठाऊक असते, पण अनुभव शून्य. कुणाची दिशा थोडी चुकते, कुणाला वारा ढकलतो, कुणी दुसऱ्याच थव्यात मिसळतो. म्हणून भरकटलेल्या पाहुण्यांत कोवळे पक्षी बरेच असतात आणि त्यांचा रंग पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. पावसाळ्यात वादळानं किनाऱ्यावर फेकले जाणारे बूबी, समुद्री सुरय हा प्रकार निराळा, तो जून ते ऑगस्टचा.

आपल्याकडं आणखी एक स्थानिक गोष्ट आहे. ऑक्टोबरात हिडकल, तिलारी, नविलुतीर्थ, जंगमहट्टी सगळी धरणं काठोकाठ भरलेली असतात. पाणी भरपूर, पण चिखल नाही. बदकांना आणि तुतवारांना उथळ काठ लागतो. त्यामुळं सुरुवातीला हे पक्षी गावतळी, भाताची खाचरं, बळ्ळारी नाल्याकाठचं दलदलीचं शिवार इथं उतरतात आणि धरणाचं पाणी खाली गेल्यावर तिकडं सरकतात. म्हणजे गावाजवळचं जे तळं आपण भराव टाकायला मोकळं समजतो, तेच सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा थांबा असतं. ते बुजलं तर दोन महिने उतरायचं कुठं, याचं उत्तर धरण देत नाही.

नोंद झाली तरच दिसला

मी कॉमर्सचा. आमच्यात एक साधा नियम : व्हाउचर नाही तर खर्च नाही. पक्ष्याचंही तसंच आहे. बेळगावच्या पक्ष्यांचा जुना आधार आजही कुठला, तर इथल्या छावणीत असलेले लष्करी अधिकारी ई. ए. बटलर यांनी 1880 च्या सुमारास केलेली यादी. ती ए. ओ. ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आली. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेतले तेच ह्यूम. त्याच सुमारास रत्नागिरीकडं विडाल यांनी दक्षिण कोकणाची यादी केली. गोव्याची महत्त्वाची यादी रॉबर्ट ग्रब आणि सालिम अली यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केली. या लोकांनी तारीख आणि ठिकाण लिहून ठेवलं, म्हणून तेव्हा काय होतं हे आज सांगता येतं. त्यांच्याच काळात ज्या धनगरानं, ज्या कोळ्यानं याहून जास्त पक्षी पाहिले, त्याचं पाहणं त्याच्याबरोबर गेलं.

आता साधन सोपं आहे. ई-बर्डसारख्या ॲपवर कुणालाही यादी भरता येते. त्या भागासाठी अनपेक्षित पक्षी टाकला की ॲप तपशील मागतं आणि जाणकार परीक्षक तो तपासतो. अशाच सामान्य लोकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर 2023 चा 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल उभा आहे. दीर्घकाळाचा कल काढता आला अशा 338 जातींपैकी 204 घटल्याचं त्यात निघालं. तळं वाचवा म्हणून अर्ज करताना 'इथं खूप पक्षी येतात' या वाक्याला कार्यालयात किंमत नसते. पाच वर्षांच्या तारखा जोडल्या तर असते.

नोंद करताना फोटो वाईट आला तरी ठेवा. मोबाईलवर ठिपक्याएवढा आलेला पक्षीसुद्धा कधी कधी ओळखता येतो. तारीख, वेळ, गाव, किती होते, हे तिथंच लिहा. आकार सेंटिमीटरमध्ये सांगू नका, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा असं सांगा. चोच, पाय, आणि तो काय करत होता. नाव माहीत नसेल तर नाव लिहू नका. वर्णन नीट असेल तर नाव दुसरा कुणीही देईल, पण चुकीचं नाव आधी पडलं की वर्णनही त्या नावाकडं झुकतं. हे मी स्वतःवरून सांगतो.

मात्र विरळा पक्षी अजून तिथंच असेल, तर नेमकी जागा फेसबुकवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी वीस गाड्या येतात, कुणी आवाज वाजवून बोलावतं, कुणी ड्रोन उडवतं, आणि हजारो किलोमीटर उडून दमलेल्या जिवाला खायलाही सवड मिळत नाही. जागा ॲपवर भरा, बातमीत तालुका पुरे. आमच्याकडून आम्ही तेवढं पाळतो.

बडोदा, इंदूरकडच्या वाचकांसाठी दोन ओळी. सयाजीरावांच्या काळात, 1910 मध्ये शेतीला पाणी म्हणून बांधलेला डभोईजवळचा वढवाणा तलाव 2021 पासून रामसर स्थळ आहे. पश्चिम भारतात एरवी विरळ असणारी मोठी लालसरी तिथं नोंदली गेली आहे. होळकरांचं नाव लावणारा इंदूरचा यशवंत सागर आणि सिरपूर तलाव 2022 मध्ये या यादीत आले, आणि त्याच वर्षी गोव्यातलं कुडचडेचं नंदा तळंही. ही चारही पाणी माणसांच्या वस्तीला लागून आहेत, आडरानात नाहीत.

दमून पडलेला पक्षी सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत जुनं सुती कापड, वर झाकण, अंधारी शांत जागा, आणि वनखात्याला फोन. घरी ठेवून घेणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आणि हो, खोकं बंद करायच्या आधी एक फोटो काढा आणि तारीख लिहा.