डहाणू रोड रेल्वे स्थानक

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील पश्चिम रेल्वेवरील एक स्थानक व मुंबई उपनगरी सेवेचे उत्तरेकडील अखेरचे ठिकाण. चर्चगेटपासून अंतर सु. १२४ किमी. मूळ डहाणू गाव पश्चिमेस खाडीकाठी, स्थानकापासून काहीसे दूर असल्याने नावास ‘रोड’ हे उपपद जोडलेले आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा येथून जाणारा सुरत–मुंबई लोहमार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत खुला झाला. ही रेल्वे १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत विलीन झाली. पूर्वेकडील जंगलांतील लाकूड व गवत आणि किनारपट्टीवरील चिकू यांच्या व्यापारास लोहमार्गाचा मोठा आधार मिळाला. लोहमार्गाच्या पश्चिमेस जुने गाव व समुद्रकिनारा, तर पूर्वेस कासा, सायवन या बाजूचा, मुख्यतः वारली वस्तीचा डोंगराळ प्रदेश आहे.

विरारपर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण १९३६ मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर झाले होते. विरारच्या पुढे मात्र २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह होता. त्यामुळे जुन्या उपनगरी गाड्या विरारपलीकडे जाऊ शकत नसत व अनेक प्रवाशांना तेथे गाडी बदलावी लागे. प्रवाहाचे रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झाल्यावर १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत आली. तथापि विरारपुढील दोनच मार्गांवरून लांब पल्ल्याच्या व मालगाड्याही धावत असल्याने फेऱ्या वाढविण्यास मर्यादा पडल्या. यास्तव विरार–डहाणू रोड चौपदरीकरणाचा समावेश मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात करण्यात आला.