पित्ताशयाचं अस्तर आणि सर्जनची सुरी

पित्ताशयाच्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या आजारांत ऊतींचं काय होतं, हे ज्ञान शवागारापेक्षा शस्त्रक्रियागृहाने जास्त दिलं, असं माझं मत आहे. 15 जुलै 1882 रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं. नुसते खडे काढून भागत नाही, खडे तयार करणारी पिशवीच काढावी, हा त्यांचा आग्रह होता. यावर कुणी म्हणेल, की व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी त्याआधीच, 1842 मध्ये, मृतदेहांच्या अभ्यासातून भिंतीत शिरलेले अस्तराचे खोलगट कप्पे नोंदवले होते. खरं आहे. पण हे कप्पे भिंतीत खोलवर असतात. वरचं नाजूक अस्तर मात्र मृत्यूनंतर पित्तातच काही तासांत विरघळू लागतं. ते शाबूत मिळायचं तर जिवंत माणसाच्या पोटातून काढून लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकलेलं पित्ताशयच हवं.

असे नमुने मिळू लागल्यावर चित्र उलगडलं. जुनाट दाहात भिंत जाड आणि तंतुमय होते, लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी जमतात. कोलेस्टेरोलोसिसमध्ये लालसर अस्तरावर पिवळे ठिपके उठतात, म्हणून ‘स्ट्रॉबेरी पित्ताशय’ हे नाव (वैद्यकाला फळांची भारी हौस!), सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिपक्यांत चरबीने फुगलेल्या फेसाळ पेशी दिसतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ आशॉफ यांनी 1905 मध्ये त्या जुन्या कप्प्यांचा पुन्हा अभ्यास केला. आज पाठ्यपुस्तकांत ते रोकिटान्स्की-आशॉफ सायनस म्हणून ओळखले जातात. त्या नावात लांगेनबुख मात्र नाहीत.