गांधीनगरच्या फलाटावर

जयपूरला बदली झालेला फौजी दोन स्टेशनं लवकर ओळखू लागतो. एक जयपूर जंक्शन. तिथे काळ्या ट्रंका, रजेवर निघालेले जवान आणि मुंबई सेंट्रलला जाणारी गाडी. दुसरं गांधीनगर, टोंक फाटकाजवळचं, दिल्लीच्या मार्गावरचं. आज या दुसऱ्याबद्दल.

फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तर पश्चिम रेल्वेनं हे स्टेशन पूर्णपणे महिलांच्या हाती सोपवलं. स्टेशन मास्तर, तिकीट खिडकी, तपासनीस, सुरक्षा दल, सगळ्या मिळून सुमारे ४० जणी. मुंबईकर लगेच म्हणतील, आमचं माटुंगा आधीचं! खरं आहे. मध्य रेल्वेनं ते २०१७ मध्येच केलं. पण माटुंगा लोकलचं स्टेशन. मुख्य मार्गावरचं असं पहिलं स्टेशन गांधीनगर. इथून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, आणि गाडीला सिग्नल देणाऱ्याला चूक माफ नसते, मग तो पुरुष असो की बाई.

सुरुवातीला वर्तमानपत्रांत फोटो आले, कौतुक झालं. आता फलाटावर उभं राहून पाहा. स्पर्धा परीक्षेला निघालेला मुलगा खिडकीशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतो. साफेवाले आजोबा "बाईसा, दौसा री गाडी?" एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकून बाकावर टेकतात. विनातिकीट सापडलेला आधी गयावया करतो, मग दंड भरतो. समोर बाई आहे याचं कुणालाच नवल नाही. माझ्या मते इतिहास फीत कापली त्या दिवशी घडला नाही. लोकांनी वळून बघणं सोडलं, तेव्हा घडला.

हे लिहायचं कारण खडकवासला. आमच्या वेळी एनडीएच्या एकाही स्क्वाड्रनमध्ये मुलगी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर दार उघडलं, २०२२ मध्ये पहिल्या मुली आल्या आणि ३० मे २०२५ रोजी १४८ व्या कोर्सबरोबर १७ जणी बाहेर पडल्या. त्यांचेही भरपूर फोटो निघाले.

पुढचं काम आपलं आहे, मित्रहो. यांतली एखादी तुमच्या जुन्या पलटणीत आली आणि रेझिंग डेला भेटली, तर "मुलगी असून कसं जमतं?" असं विचारू नका. कुठल्याही नव्या लेफ्टनंटला विचारतो तेच विचारा: जवानांची नावं पाठ झाली का?